एक पिन की पाच? धनुष्याच्या ‘साइट’चा प्रश्न आणि भारतातलं त्याचं वेगळं उत्तर

धनुष्याला एकाच पिनची साइट घ्यावी की पाच पिनांची? यूट्यूबवर या प्रश्नाची चर्चा तासन्‌तास चालते. चर्चा करणारे बहुतेक जण अमेरिकेतले हरणांचे शिकारी असतात. पण त्यांचे व्हिडिओ पाहणारे सगळे अमेरिकेतले नसतात. नाशिकमध्ये नव्याने कंपाउंड धनुष्य हाती घेतलेला एखादा मुलगा ते पाहू शकतो आणि रानडुकरांमुळे हैराण झालेला एखादा शेतकरीही.

या दोघांनाही तिथे मिळणारं उत्तर अर्धवट आहे. भारतात धनुष्यबाणाने वन्यप्राण्याची शिकार करणं हा गुन्हा आहे. दुसरीकडे, ज्या कंपाउंड धनुष्याचा जन्मच शिकारीच्या हौसेतून झाला, ते २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा पदकासाठी वापरलं जाणार आहे. या प्रकारात जगज्जेते ठरलेले दोन खेळाडू महाराष्ट्राचे आहेत.

म्हणजे साइट विकत घेण्याआधी ती कुठे वापरायची, हे ठरवायला हवं. जंगल की मैदान? एक पिन की पाच, याचं उत्तर त्यावरच अवलंबून आहे.

साइट म्हणजे नेमकं काय?

धनुष्यावर बसवलेलं नेम धरायचं उपकरण म्हणजे साइट. बंदुकीच्या नळीच्या टोकाला जशी ‘माशी’ असते, तसंच हे काम. एका गोल कड्यात बारीक पिन असते आणि तिच्या टोकाला फायबर ऑप्टिकचा चमकणारा ठिपका. दोरीमध्ये डोळ्यासमोर येईल अशा जागी बारीक भोकाचं आणखी एक कडं ओवलेलं असतं. त्याला ‘पीप’ म्हणतात. दोरी ओढायची, पीपमधून पाहायचं, साइटचं गोल कडं पीपच्या गोलात नीट मध्यभागी आणायचं, ठिपका लक्ष्यावर ठेवायचा आणि बाण सोडायचा.

कंपाउंड धनुष्यावर या उपकरणाला विशेष महत्त्व आहे. अमेरिकेतल्या मिझुरी राज्यातल्या हॉलिस विल्बर अॅलन यांनी १९६६ मध्ये या धनुष्याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६९ मध्ये ते त्यांना मिळालं. या धनुष्याच्या दोन्ही टोकांना चाकं असतात. दोरी पूर्ण ओढली की या चाकांमुळे हातावरचा भार निम्म्याहूनही कमी होतो. साध्या धनुष्यात दोरी जितकी मागे ओढावी, तितका भार वाढत जातो आणि हात लगेच थरथरायला लागतो. कंपाउंडमध्ये नेम धरून काही सेकंद स्थिर राहता येतं. त्यामुळे बारीक ठिपक्याचा खरा फायदा इथेच मिळतो.

पिना एकापेक्षा जास्त का लागतात?

कारण बाण सरळ रेषेत जात नाही. दोरी सुटताक्षणी गुरुत्वाकर्षण त्याला खाली ओढू लागतं. बाणाचा वेग सेकंदाला ८५ मीटर, म्हणजे ताशी साधारण ३०० किलोमीटर धरला आणि हवेचा रोध सोडून दिला, तर शाळेतल्या भौतिकशास्त्राच्या सूत्रानेच हिशेब मांडता येतो:

- २० मीटर अंतर: बाणाला लागणारा वेळ ०.२४ सेकंद, बाण खाली येतो सुमारे २७ सेंटीमीटर
- ३० मीटर अंतर: ०.३५ सेकंद, सुमारे ६१ सेंटीमीटर
- ४० मीटर अंतर: ०.४७ सेकंद, सुमारे १०९ सेंटीमीटर
- ५० मीटर अंतर: ०.५९ सेकंद, सुमारे १७० सेंटीमीटर

अंतर २० वरून ५० मीटर झालं, म्हणजे अडीच पट वाढलं. पण बाणाचं खाली येणं मात्र सहा पटींहून जास्त वाढलं. म्हणून प्रत्येक अंतरासाठी धनुष्य वेगळ्या प्रमाणात वर उचलावं लागतं.

हे उचलणं मोजून करता यावं, यासाठी दोन पद्धती निघाल्या. पहिल्या पद्धतीत कड्यात तीन, पाच किंवा सात पिना एकाखाली एक बसवतात. वरची पिन २० मीटरची, तिच्याखालची ३० ची, त्याखालची ४० ची. लक्ष्य ज्या अंतरावर असेल ती पिन वापरायची. दुसऱ्या पद्धतीत पिन एकच असते, पण ती वर-खाली सरकवता येते. बाजूला एक चाक आणि त्यावर अंतराच्या खुणा असलेली पट्टी असते. चाक ३५ वर फिरवलं की तीच पिन ३५ मीटरची होते. यालाच सिंगल-पिन साइट म्हणतात.

शिकाऱ्यांना एक पिन का आवडते?

पहिलं कारण म्हणजे समोरचं चित्र मोकळं राहतं. पाच पिना असल्या की लक्ष्याचा बराच भाग झाकला जातो. गडबडीत ३० ऐवजी ४० ची पिन लावली जाण्याची चूकही नेहमीची. एकच पिन असेल, तर कोणती पिन वापरायची हा प्रश्नच उरत नाही. दुसरं कारण अचूकतेचं. पाच पिनांच्या साइटवर ३० आणि ४० असेल, तर ३६ मीटरसाठी दोन पिनांच्या मधला अंदाज घ्यावा लागतो. सरकत्या पिनेवर ३६ चं अंतर थेट लावता येतं.

पण यात एक मोठी अट आहे. अंतर आधी माहीत असायला हवं आणि पिन सरकवायला वेळ मिळायला हवा. जनावर चालत असेल, तर या दोन्ही गोष्टी हातात राहत नाहीत.

समजा पिन ३० मीटरवर लावली आहे आणि तेवढ्यात हरिण पाच मीटर मागे सरकलं. वरच्याच वेगाने हिशेब केला, तर बाण नेम धरलेल्या जागेपेक्षा सुमारे १० सेंटीमीटर खाली लागतो. हरिण ४० मीटरवर गेलं, तर सुमारे २३ सेंटीमीटर खाली. म्हणजे छातीवर धरलेला बाण पायाला लागतो किंवा पोटाखालून निघून जातो.

त्यात आवाजाची भर पडते. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. ४० मीटरवरच्या जनावराला दोरीचा आवाज ०.१२ सेकंदात ऐकू येतो आणि बाण मात्र ०.४७ सेकंदांनी पोहोचतो. मधल्या एक तृतीयांश सेकंदात दचकलेलं हरिण झेप घ्यायला खाली बसतं किंवा वळतं. साइट कितीही महागडी असली, तरी हा वेळ कमी करता येत नाही.

जनावर जागेवर न मरता जखमी होऊन पळून जाणं, हा धनुष्याच्या शिकारीवरचा सर्वांत जुना आक्षेप आहे. जगभरातले कायदेही याबाबत एकमताचे नाहीत. अमेरिकेतल्या सर्व राज्यांत परवाना, हंगाम आणि नियम पाळून धनुष्याने शिकार करता येते. ब्रिटनमध्ये मात्र १९८१ च्या वन्यजीव कायद्याने वन्यप्राणी मारण्यासाठी धनुष्य वापरण्यावर बंदी आहे. तिथे काही वन्यप्राण्यांची बंदुकीने शिकार चालते, धनुष्याने नाही.

भारतात धनुष्याने शिकार करता येते का?

नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ९ नुसार कायद्याच्या पहिल्या आणि दुसऱ्या अनुसूचीतल्या कोणत्याही वन्यप्राण्याची शिकार करता येत नाही. हत्यार बंदूक आहे की धनुष्य, याने काही फरक पडत नाही.

हा कायदा आला तेव्हा चित्र थोडं वेगळं होतं. सुरुवातीला काही प्राण्यांच्या शिकारीसाठी परवाने देण्याची तरतूद कायद्यातच होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती काढून टाकली. त्यानंतर हौसेच्या शिकारीसाठी कायदेशीर वाटच उरली नाही.

कायद्यातली ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या बरीच व्यापक आहे. प्राणी मारणं, पकडणं, विष देणं, फासा किंवा सापळा लावणं हे तर त्यात येतंच. त्यासाठी केलेला प्रत्येक प्रयत्नही शिकारच ठरतो. अंड्यांची किंवा घरट्यांची नासधूस करणंही त्यातच मोडतं. म्हणजे बाण चुकला म्हणून गुन्हा झाला नाही, असं होत नाही.

शिक्षा काय होते?

- सर्वसाधारण गुन्ह्यासाठी ३ वर्षांपर्यंत कैद, किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.
- पहिल्या अनुसूचीतला प्राणी असेल किंवा शिकार अभयारण्यात वा राष्ट्रीय उद्यानात झाली असेल, तर किमान ३ आणि कमाल ७ वर्षं कैद, शिवाय किमान २५ हजार रुपये दंड.
- गुन्ह्यात वापरलेलं आणि जप्त झालेलं हत्यार, सापळा किंवा वाहन राज्य सरकारच्या मालकीचं होतं.

दंडाच्या रकमा २०२२ च्या दुरुस्तीने वाढवल्या. ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली.

नाशिक जिल्ह्यापुरतं बोलायचं, तर येवला तालुक्यातल्या ममदापूर राखीव क्षेत्रातलं काळवीट आणि गोदाकाठच्या उसात राहणारा बिबट्या हे दोन्ही पहिल्या अनुसूचीत आहेत. निफाड तालुक्यातलं नांदूर मध्यमेश्वर हे पक्षी अभयारण्य आहे आणि २०२० मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ ठरलं. तिथल्या पाणपक्ष्यावर सोडलेला बाण थेट कठोर शिक्षेच्या कलमात जातो.

पण पीक खाणाऱ्या रानडुकराचं काय?

शेतकऱ्याचा हा प्रश्न रास्त आहे आणि कायद्यात त्याचा विचारही आहे. रानडुक्कर आणि नीलगाय म्हणजेच रोही हे दोन्ही प्राणी दुसऱ्या अनुसूचीत आहेत. असा प्राणी माणसाच्या जिवाला किंवा उभ्या पिकासह मालमत्तेला धोकादायक झाला असेल, तर कलम ११ नुसार राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी त्याला मारण्याची परवानगी देऊ शकतो. ही परवानगी लेखी असावी लागते आणि तिच्यात कारण नमूद करावं लागतं.

पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी अट आणखी कडक आहे. बिबट्या माणसाच्या जिवाला धोकादायक ठरला, तरी त्याला पकडणं, बेशुद्ध करणं किंवा दुसरीकडे हलवणं शक्य नाही, अशी खात्री झाल्यावरच मारण्याचा आदेश निघू शकतो.

तिसरी वाट कलम ६२ ची. केंद्र सरकार दुसऱ्या अनुसूचीतल्या एखाद्या प्राण्याला ठरावीक भागासाठी आणि ठरावीक मुदतीसाठी ‘उपद्रवी’ जाहीर करू शकतं. बिहारमध्ये २०१५ च्या अखेरीस नीलगाय आणि रानडुकराबाबत असं केलं गेलं होतं. तेव्हा या कलमाची भाषा आजच्यापेक्षा थोडी वेगळी होती, पण तत्त्व तेच होतं.

प्राणी अंगावर आला आणि स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी सद्‌हेतूने त्याला मारावं लागलं, तर तो गुन्हा नाही. मात्र त्या वेळी ती व्यक्ती आधीच एखादा वन्यजीव गुन्हा करत असेल, तर हा बचाव मिळत नाही. मेलेल्या प्राण्यावर मालकीही सरकारचीच राहते.

या सगळ्यात ‘धनुष्य घेऊन रात्री बांधावर बसणं’ कुठेच बसत नाही. परवानगीशिवाय ती शिकारच ठरते. त्यापेक्षा नुकसान झालं की वन विभागाकडे भरपाईचा अर्ज करणं आणि १९२६ या वन विभागाच्या हेल्पलाइनवर कळवणं, हे मार्ग हातात आहेत. भरपाईला उशीर होतो, पंचनाम्यासाठी खेटे घालावे लागतात, अशी शेतकऱ्यांची तक्रार असते. ती सोडवण्याचं काम प्रशासनाचं आहे. पण त्या उशिराच्या रागात सोडलेला एक बाण शेतकऱ्याला कोर्टाच्या फेऱ्यांत अडकवू शकतो.

आदिवासींच्या तिरकामठ्याला सूट आहे का?

नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा, पेठ, कळवण, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या पट्ट्यात कोकणा, वारली, महादेव कोळी, भिल्ल समाजाची मोठी वस्ती आहे. भिल्लांची तर ओळखच तिरकामठ्याशी जोडलेली. त्यामुळे ‘आदिवासींना पारंपरिक शिकारीची सूट आहे’ असा एक समज आढळतो. तो चुकीचा आहे.

२००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलावर अवलंबून असलेल्या समाजांचे अनेक पारंपरिक हक्क मान्य केले. राहण्याचा, कसण्याचा, गौण वनउपज गोळा करण्याचा, मासेमारीचा, चराईचा. पण त्याच कायद्याच्या कलम ३ मध्ये इतर पारंपरिक हक्कांची यादी पूर्ण करताना एक अपवाद स्पष्ट लिहिला आहे: वन्यप्राण्याची शिकार करण्याचा, त्याला सापळ्यात पकडण्याचा किंवा त्याच्या शरीराचा भाग काढून घेण्याचा पारंपरिक हक्क यात येणार नाही.

वन्यजीव कायद्यात एका समूहाचा उल्लेख मात्र वेगळा आहे. निकोबार बेटांवरच्या अनुसूचित जमातींना आधीच मिळालेल्या शिकारीच्या हक्कांना हा कायदा धक्का लावत नाही, असं कलम ६५ सांगतं. महाराष्ट्रातल्या कोणत्याही जमातीसाठी अशी तरतूद नाही.

म्हणजे ज्या हातांनी पिढ्यान्‌पिढ्या साइटशिवाय, पिनेशिवाय, नुसत्या नजरेच्या अंदाजाने अंतर तोललं, त्या हातांसाठी जंगलातलं धनुष्य कायद्याने थांबलं. त्याला मोकळी असलेली जागा आता मैदानाची आहे.

मैदानात एकच पिन का पुरते?

कारण मैदानात अंतर आधीच ठरलेलं असतं. जागतिक तिरंदाजी महासंघाच्या नियमानुसार कंपाउंडच्या मुख्य मैदानी स्पर्धेत लक्ष्य ५० मीटरवर असतं. लक्ष्याचा कागद ८० सेंटीमीटरचा आणि त्यातलं १० गुणांचं वर्तुळ अवघं ८ सेंटीमीटर व्यासाचं. हरिण मागे सरकू शकतं, कागद सरकत नाही. त्यामुळे शिकाऱ्याला सतावणारा सगळा गोंधळ इथे पहिल्याच अटीत संपतो.

पण त्याच्या बदल्यात अचूकतेची मागणी कित्येक पटींनी वाढते. मघाच्याच वेगाने ५० मीटरचा हिशेब करू. साइट ५० वर लावली आणि लक्ष्य ५१ मीटरवर असलं, तर बाण सुमारे ३ सेंटीमीटर खाली लागतो. १० च्या वर्तुळाची त्रिज्या ४ सेंटीमीटर आहे. म्हणजे एका मीटरच्या चुकीत जवळजवळ सगळी सवलत संपली.

धनुष्य उभं धरताना फक्त २ अंश तिरपं झालं, तर ५० मीटरवर बाण साधारण ६ सेंटीमीटर बाजूला जातो. म्हणजे दहाच्या बाहेर. म्हणून स्पर्धेच्या साइटमध्ये गवंड्याच्या पाणसळीत असतो तसा पाण्याचा बुडबुडा असतो. तो मध्यभागी ठेवूनच बाण सोडायचा.

आणखी एक फरक भिंगाचा. कंपाउंड प्रकारात साइटला दृश्य मोठं करणारं भिंग आणि बुडबुडा दोन्ही चालतात. भिंगाच्या मध्यभागी एकच ठिपका, पिन किंवा छोटं वर्तुळ असतं. रिकर्व्ह प्रकारात मात्र यातलं काहीच चालत नाही. भिंग नाही, बुडबुडा नाही आणि एकापेक्षा जास्त नेमबिंदूही नाहीत. ऑलिंपिकमध्ये आतापर्यंत दिसत आलेलं धनुष्य हे रिकर्व्ह. त्याचं अंतरही वेगळं, ७० मीटर.

देशात तिसराही एक प्रकार खेळला जातो, तो म्हणजे ‘इंडियन राउंड’. यात बांबूचं किंवा लाकडाचं धनुष्य असतं आणि त्याला साइट नसते. अनेक भारतीय तिरंदाजांची सुरुवात याच धनुष्याने होते.

याची चर्चा आत्ताच का?

कारण कंपाउंडची पत बदलली आहे. १९७२ मध्ये म्युनिक ऑलिंपिकमध्ये तिरंदाजी परतली, त्यानंतर कंपाउंडला तिथे कधीच जागा मिळाली नव्हती. एप्रिल २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने लॉस एंजेलिसच्या कार्यक्रमात कंपाउंड मिश्र सांघिक प्रकाराचा समावेश केला.

भारताची आणि विशेषतः महाराष्ट्राची या प्रकारातली कामगिरी मोठी आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची आदिती स्वामी वयाच्या १७ व्या वर्षी महिलांची जगज्जेती ठरली. त्याच स्पर्धेत नागपूरच्या ओजस देवतळेने पुरुषांच्या अंतिम फेरीत १५ पैकी १५ बाण दहाच्या वर्तुळात मारले आणि १५० पैकी १५० गुण मिळवले. दोघेही साताऱ्यात प्रवीण सावंत यांच्याकडे घडलेले. त्याआधी मे २०२३ मध्ये बुलढाण्याच्या प्रथमेश जावकरने शांघायच्या विश्वचषक अंतिम लढतीत नेदरलँड्सच्या माइक श्लोसरला १४९ विरुद्ध १४८ असं हरवलं होतं. त्याच वर्षी हांगझोऊ आशियाई स्पर्धेत कंपाउंडची पाचही सुवर्णपदकं भारताने जिंकली. २०२५ मध्ये ग्वांगजू इथे रिषभ यादव, अमन सैनी आणि प्रथमेश फुगे यांनी पुरुष संघाला पहिलं जागतिक सुवर्ण मिळवून दिलं.

हे आकडे नीट पाहिले की एका गुणाची किंमत कळते. १५ बाणांच्या लढतीत १४९ गुणांवरही खेळाडू हरू शकतो. ऑलिंपिकच्या मिश्र प्रकारात तर जोडीला मिळून १६ बाण आणि कमाल १६० गुण. शिवाय देशाची जोडी एकच, म्हणजे एक महिला आणि एक पुरुष. एवढ्या मोठ्या देशातून दोन जागा.

नाशिकच्या नवख्या खेळाडूने साइट घेताना काय पाहावं?

*आधी प्रकार ठरवा.* इंडियन राउंड खेळायचं असेल, तर साइटचा प्रश्नच नाही. रिकर्व्हची साइट आणि कंपाउंडची साइट एकमेकींच्या जागी चालत नाहीत. शाळेच्या, जिल्ह्याच्या किंवा राज्याच्या स्पर्धेत कोणत्या प्रकारात उतरायचं, हे प्रशिक्षकाशी बोलून मग खरेदी करावी.

*शिकारीची साइट स्वस्त दिसली, तरी थांबा.* पाच पिनांची साइट ५० मीटरच्या मैदानात फारशी उपयोगाची नाही. चार पिना नुसती अडचण करतात. शिकारीच्या एका पिनेच्या साइटवर सराव सुरू करता येतो, पण तिची पट्टी अनेकदा यार्डांत असते आणि चाक ठोकळ टप्प्यांत फिरतं. स्पर्धेच्या साइटमध्ये प्रत्येक ‘क्लिक’ला पिन अगदी थोडी सरकते आणि तिथेच घट्ट राहते. वर-खाली आणि डावी-उजवीकडे, दोन्ही बाजूंना अशी सोय आहे का, हे हातात घेऊन तपासावं.

*ढिलेपणा तपासा.* कडं बोटांनी हलवून पाहावं. कंपाउंडचा धक्का दर बाणाला साइटला बसतो. स्क्रू सुटत गेला, तर सकाळी बसवलेला नेम दुपारी राहत नाही आणि खेळाडू दोष मात्र स्वतःच्या हाताला देत बसतो.

*बुडबुडा जुळवता येतो का?* साइटचा बुडबुडा धनुष्याच्या उभ्या रेषेशी काटकोनात असायला हवा. तो जुळवण्याची सोय नसेल, तर बुडबुडा मध्यभागी दिसूनही धनुष्य तिरपंच राहील. चढ-उतारावर मारा करणाऱ्यांसाठी आणखी एका दिशेची जुळवणी लागते. सपाट मैदानावर तिची गरज कमी असते, त्यामुळे तेवढ्यासाठी जास्त पैसे मोजायची घाई नको.

*कडं आणि पीप जुळतात का?* पीपमधून पाहताना साइटचं कडं त्यात नेमकं बसायला हवं. कडं फार लहान असेल, तर दर वेळी ते वेगळ्या जागी दिसतं. पीप बदलणं स्वस्त असतं, साइट बदलणं नाही.

*जास्त ताकदीचं भिंग म्हणजे जास्त अचूकता नव्हे.* भिंगातून लक्ष्य मोठं दिसतं, तसं हाताचं हलणंही मोठं दिसतं. ठिपका हलताना पाहून नवखा खेळाडू घाबरतो आणि ठिपका मध्यभागी येताच घाईने बाण सोडतो. सुरुवातीला कमी ताकदीचं भिंगच बरं.

*पैसे आधी धनुष्यावर.* कंपाउंडची ओढ खेळाडूच्या हाताच्या लांबीप्रमाणे जुळवावी लागते. ती चुकली, तर सर्वांत महागडी साइटही उपयोगाची नाही. वाढत्या वयाच्या मुलांसाठी ओढ बदलता येणारं धनुष्य घेणं शहाणपणाचं.

खरा प्रश्न परवडण्याचा

बांबूच्या धनुष्यापासून कंपाउंडपर्यंतचा प्रवास कौशल्यापेक्षा पैशांत जास्त अडतो. स्पर्धेच्या दर्जाचं कंपाउंड धनुष्य, बाण, साइट, भिंग आणि दोरी सोडण्याचं उपकरण हा सगळा संच लाखांच्या घरात जातो. नामांकित कंपन्यांचा बराच माल परदेशातून येतो. सुरगाण्यातल्या किंवा पेठमधल्या मुलीने इंडियन राउंडमध्ये चमक दाखवली, तरी तिथून पुढच्या पायरीवर तिला नजर कमी पडत नाही, साहित्य कमी पडतं.

इथे साइटच्या बाबतीत एक सोय आहे. धनुष्य ज्याच्या-त्याच्या मापाचं लागतं, पण साइट आणि भिंग एका कंपाउंडवरून काढून दुसऱ्यावर लावता येतात. खुणा मात्र प्रत्येक खेळाडूला नव्याने जुळवाव्या लागतात. म्हणजे क्लबने, शाळेने किंवा सरकारी योजनेने दोन-तीन चांगल्या साइट सामायिक ठेवल्या, तर अनेक मुलांचा सराव भागू शकतो. स्पर्धेच्या तोंडावर ज्याची-त्याची साइट हवीच, पण तिथपर्यंत पोहोचायला प्रत्येकाने ती विकत घेतलीच पाहिजे असं नाही.

राज्याचं आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकमध्येच आहे. २०२८ साठी देशाच्या जोडीत दोनच जागा असल्या, तरी त्या दोघांना टक्कर देणारे खेळाडू खाली डझनांनी तयार व्हावे लागतात. ते कुठून येणार, याचं उत्तर नाशिकच्या पश्चिम पट्ट्यातल्या आश्रमशाळांच्या मैदानांवरही शोधता येईल. अट एकच, बांबूचं धनुष्य खाली ठेवल्यावर पुढचं धनुष्य त्या मुलांच्या हातात वेळेत पडायला हवं.